खरखर आणि सुसाट

लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ असं सांगणारी जी बाई असते, ती कधी चिडत नाही, कधी खोकत नाही आणि दरवाजा अडकून बसला तरी तेच सांगत राहते. खरं तर त्या बाईला चांगला खोकला आहे. तो कापून टाकायचा पगार खरखरला मिळतो.

खरखर हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. पण ते दाखल्यावरचं नाव आता तिची आईसुद्धा फक्त रागावल्यावर वापरते, आणि आई हल्ली रागवायचंही विसरते. खरखर एका कंपनीत कामाला आहे. ती कंपनी लिफ्टसाठी, फोनसाठी, स्टेशनांसाठी रेकॉर्ड केलेल्या सूचना बनवते. अंक वेगळे बोलून घ्यायचे, शब्द वेगळे बोलून घ्यायचे आणि मग ते असे जोडायचे की सांधा कळता कामा नये. बोलणाऱ्याचा श्वास कापायचा, ओठांची चपचप कापायची, मध्येच गिळलेला आवंढा कापायचा. माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे, पण माणूस आहे असं वाटता कामा नये, असं तिचे साहेब सांगतात. ती दिवसभर हे करते, आणि घरी येऊन दिवसभर कापून टाकलेल्या गोष्टींचं संगीत करते.

हे संगीत म्हणजे नेमकं काय, हे तिच्या घरात कोणालाही धड सांगता येत नाही. कार्यक्रमाच्या पोस्टरवर ‘प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक आणि हिप-हॉप’ असं छापतात. आईला कोणी विचारलंच तर ती ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणते आणि विषय बदलते. वडिलांचं खालच्या मजल्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंखे, पंप, मिक्सर तिथे येतात, त्यांच्या पोटातली काळी तार निघते आणि नवी तांब्याची तार भरली जाते. वरच्या खोलीत खरखरने मोठ्या स्पीकरवर एखादा खालचा, घुमणारा सूर लावला की वडील हातात टेस्टर घेऊन जिना चढून येतात. दारात उभे राहून, मान कलती करून ऐकतात.

“बेअरिंग गेलंय,” ते म्हणतात.

“बाबा, हे गाणं आहे.”

“असेल. बेअरिंग गेलंय.”

एवढं बोलून ते खाली जातात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे आणि त्यात दोघांपैकी कोणालाही काही वावगं वाटत नाही.

सुरुवातही त्या दुकानातच झाली. कोणीतरी एक टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. वडिलांनी तो दुरुस्त केला आणि पोरगी सारखी पायात घुटमळते म्हणून तिच्या हातात दिला. तिने पहिल्यांदा रेकॉर्ड केला तो पंखा. तोही चालू पंखा नव्हे. बटण बंद केल्यावर पाती हळूहळू थांबतात तो आवाज. कॅसेट जुनी, त्यामुळे त्यात पंख्यापेक्षा खरखर जास्त. ती तेच ऐकत बसायची. दुकानातल्या कारागिराने तिला खरखर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईने आपल्या परीने प्रयत्न केला. मुलीला आवाजाची एवढी हौस आहे तर गाणं शिकू दे म्हणून क्लासला घातलं. काही महिन्यांनी गाण्याच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या, कान तर फारच तयार आहे, पण तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे नसतं, माझ्या खुर्चीकडे असतं. खुर्ची करकरते ना. आईने हात टेकले. बाईंनीही पुढच्या आठवड्यात खुर्ची बदलली, आणि खरखरने क्लास सोडला.

पहिला जाहीर कार्यक्रम एका कॉफीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. श्रोते होते, पण त्यातले निम्मे कॉफीला आलेले. एक गृहस्थ मध्येच उठून काउंटरवर गेले आणि तो मिक्सर जरा बंद करता का, असं सभ्यपणे विचारून आले. पहिला अल्बम पूर्णपणे पंख्यांचा होता. आत्याने तो मोठ्या कौतुकाने लावला आणि दुसऱ्या गाण्याला तिला गाढ झोप लागली. पुढे कितीतरी दिवस ती रोज दुपारी तोच लावून झोपायची. या अल्बमवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही लिहिलं, पण खरखरला आत्याचं मत सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. दुसरा अल्बम ऑफिसात कापलेल्या श्वासांचा. तोही साहेबांच्या कानावर गेला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकला आणि लिफ्टच्या बाईंचा खोकला ओळखला. मग म्हणाले, आवाज स्वच्छ घेतलाय.

या सगळ्याला थोडंफार गाण्याचं रूप आलं ते तिच्या धाकट्या भावामुळे.

भाऊ लहानपणापासून अडखळत बोलतो. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर त्याची गाडी अडते, मान ताठ होते, डोळे मिटतात आणि तो शब्द काही बाहेर येत नाही. शाळेत पोरं त्याच्या मागे तेच अक्षर घोकत चालायची. ‘प’ने सुरू होणारं काही मागायचं असलं तर तो उपाशी राहायचा, पण मागायचा नाही. घरात मात्र त्याचं काही अडायचं नाही, कारण घरात खरखर होती. त्याने ‘प-प-’ केलं की ही ‘पाणी’ म्हणून मोकळी. ‘म-म-’ केलं की ‘मोजे, खालच्या कप्प्यात’. पाहुण्यांसमोर, दुकानदारासमोर, डॉक्टरसमोरसुद्धा तीच बोलायची. किती माया आहे बहिणीची, असं सगळे म्हणायचे, आणि माया होतीच. आपण नेमके कोणाचे शब्द खातोय हे तिच्या कधी डोक्यातही आलं नाही. भावाच्या आलं असेल. पण ते सांगायला त्याला वेळ लागला असता, आणि तेवढ्यात तिने ते वाक्य दुसऱ्याच काही शब्दांनी पूर्ण केलं असतं.

मग एकदा ती ठेका जुळवत बसली होती आणि हा दारात उभा राहून त्या ठेक्यावर औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचत होता. थंड, कोरड्या जागी ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका, वापरण्यापूर्वी चांगले हलवा. सगळं सरळ, एका दमात, कुठेही न अडता. खरखर काम थांबवून बघत राहिली. डॉक्टर म्हणाले की असं होतं, ताल असला की पुष्कळांची जीभ मोकळी होते, त्यात नवल नाही. डॉक्टरांना नवल नसेल. आई त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून रडली.

तेव्हापासून तो सुसाट. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं. दिवसा तो औषधांच्या गोदामात माल लावतो, कारण तिथे खोक्यांशी बोलावं लागत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी तो खरखरच्या खोलीतल्या लाकडी कपाटात उभा राहून रॅप करतो. कपाट यासाठी की आत वडिलांचे जुने कोट आणि रजया टांगलेल्या आहेत. त्यात आवाज घुमत नाही, बाहेरचं काही आत येत नाही. दार ओढून घेतलं, हेडफोनमध्ये ठेका सुरू झाला की सुसाट खोकी, बिलं, गोदामाचा मुकादम, आपली उंची, जगाची रीत यांवर असा काही सुटायचा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. भावाबहिणीची बऱ्यापैकी चर्चा होऊ लागली. स्टेजवर तो गाण्यांच्या मधे एक शब्द बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे.

दोघांमध्ये एकच करार होता. खरखरची कामाची पद्धत अशी की तिचा माईक कायम चालू. माणूस खोलीत आला की रेकॉर्डिंग सुरू, कारण खरा माल नेहमी ‘सुरू करूया’ म्हणण्याच्या आधी मिळतो, असं तिचं म्हणणं. सुसाटने ते चालवून घेतलं, पण ठेका सुरू होण्याआधी तो जे बोलेल ते कोणी ऐकायचं नाही आणि कुठे वापरायचं नाही. ती कबूल झाली. आणि पुढे तिने तो करार मोडला तो मुद्दाम नव्हे, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, जरी त्याने काही फरक पडत नसला तरी.

झालं असं की गोदामाच्या कंपनीने दुसऱ्या गावी नवी शाखा काढली आणि सुसाटला तिकडची मांडणी करायला दोनेक महिन्यांसाठी पाठवलं. इकडे खरखर एकटीच एक गाणं रचत बसली. त्यात तिला एक आवाज हवा होता. धड ठोका नाही, धड श्वास नाही, त्या दोहोंच्या मधला. तिने पंख्यांचे आवाज लावून पाहिले, दुकानातल्या बोर्डांमधल्या रिलेची टिकटिक लावून पाहिली, लिफ्टच्या बाईंचा खोकला लावून पाहिला. शेवटी जुन्या फायली चाळताना एक मिळाला. ‘थ’. तिने तो कापला, किंचित खाली ओढला, वर तांब्याच्या तारेची टिचकी बसवली आणि त्याची रांग केली. थ थ थ थ, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा थ थ थ थ. फाइलला नाव दिलं ‘थ कोरडा’.

तो भावाचा आवाज आहे हे तिला कापताना माहीत होतं, करार तेवढा डोक्यात आला नाही. या धंद्यातल्या माणसांना एक रोग असतो. एखादा आवाज दिवसभर, मग आठवडाभर, पुन्हा पुन्हा ऐकला की तो कोणाचा होता, काय म्हणत होता, हे सगळं त्याच्यातून गळून जातं आणि नुसता आवाज उरतो. मिक्सिंग होईपर्यंत ‘थ कोरडा’ हा ‘थ कोरडा’ होता. आपण कोणाला तरी बोलता बोलता पकडलंय, हे ती साफ विसरली. वडिलांना ऐकवलं तर ते म्हणाले, या वेळी बेअरिंग ठीक आहे. ती एवढी खूश झाली की दुसऱ्याच दिवशी तिने गाणं इंटरनेटवर टाकून दिलं.

गाणं चाललं. आजवर तिचं काहीही असं चाललं नव्हतं, त्यामुळे चालतं म्हणजे काय होतं हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. व्यायामशाळेत लागलं, टॅक्सीत लागलं, लोकांनी त्यावर नाचून व्हिडिओ टाकले. त्या नाचात एक खूण होती: थ थ थ थ आलं की मान ताठ करायची, डोळे मिटायचे आणि मग रिकाम्या जागेत एकदम सैल सोडायचं. ही मुद्रा कोणी शोधली कोण जाणे. रस्त्यावरची पोरं करायची, भाजीवाली करायची. आत्या फोनवर नमस्काराऐवजी थ थ थ थ म्हणायची. हा कुठल्या मशीनचा आवाज, यावर जाणकारांत वाद झाले. खरखर हसायची आणि सांगायची नाही, कारण खरं म्हणजे तिलाच आठवत नव्हतं.

सुसाट परत आला तेव्हा केस वाढले होते म्हणून स्टेशनवरून थेट न्हाव्याकडे गेला. तिथे गाणं लागलं. न्हाव्याने कात्रीने हवेत थ थ थ थ केलं, शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान ताठ करून डोळे मिटले, आणि सगळं दुकान हसलं. सुसाट अर्धे केस कापलेल्या अवस्थेत आरशासमोर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी गोदामात त्याचं स्वागतही तसंच झालं. कोणी त्याला चिडवत नव्हतं. हा त्याचा आवाज आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आपल्या मित्राच्या बहिणीचं गाणं एवढं गाजलं म्हणून ते बिचारे आनंदाने करत होते. शाळेत निदान चिडवतायत हे तरी कळायचं.

त्या रविवारी सगळे नाश्त्याला बसले होते. खरखर नव्या कार्यक्रमाच्या विचारात होती आणि बोटांनी ताटाच्या कडेवर तोच ठेका धरत होती.

“तो मी आहे,” सुसाट म्हणाला. त्यात तो अडला नाही.

“कोण तू?”

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. मग उठला, ताट मोरीत ठेवलं आणि निघून गेला.

खरखर जिना चढून वर गेली आणि तिने मूळ फाइल काढली. करारात ‘ऐकायचं नाही’ असं होतं, ते या वेळी तिने जाणूनबुजून मोडलं. आधी कपाटाचं दार करकरलं. मग सुसाटचा आवाज आला: “थ-थ-थ-थ-” आणि त्याच्यावर लगेच तिचा स्वतःचा आवाज, लांबून, घाईचा, गोड: “थांबू का? पाणी हवंय ना? आणते.” मग तिच्या चपला. मग कपाटात कितीतरी वेळ कोणी काही बोललं नाही. त्याला पाणी हवं होतं की आणखी काही, हे फाइलवरून कळत नव्हतं. तो शब्द त्याने कधी पुरा केलाच नव्हता. खरखरला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने गाणं काढून टाकलं. काढून टाकल्यावर ते दुप्पट पसरलं, कारण लोकांनी आपापल्याकडे ठेवलं होतंच, आणि आता काढलेलं म्हणून ते जास्त हवंसं झालं. तिने ‘थ’च्या जागी रिलेची टिकटिक बसवून नवी प्रत टाकली. लोक म्हणाले, यात जीव नाही. भावाला सांगायला गेली तर तो कानात बोळे घालून खोक्यांवर पत्ते चिकटवत बसला होता. घरात तो आईशी बोलायचा, वडिलांशी बोलायचा, जेवढं जमेल तेवढं. हिच्याशी हूं की चूं नाही. आईने मध्यस्थी करायचं ठरवलं आणि मुलाला समजावलं की अरे, तू आहेस हे कोणाला कळलंय, उगीच काय एवढं. हे ऐकून तो आईशीही बोलेनासा झाला.

पण खरी गोष्ट पुढेच होती, आणि ती आईनेच खरखरला सांगितली, भांडी पुसता पुसता, तिच्याकडे न बघता. खरखर ऑफिसला गेली असताना सुसाट वरच्या खोलीत गेला होता. कपाटात शिरला, ठेका लावला. आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. पहिल्याच ओळीला तो अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडला. ठेका पुढे चाललेला आणि हा पहिल्या अक्षरावर. मग त्याने ठेका बंद केला आणि आतच बसून राहिला. जगात एक जागा होती जिथे त्याची जीभ चालायची, तीही गेली, असं आई म्हणाली. तिने तेच ताट तिसऱ्यांदा पुसलं.

खरखरला वाटलं, आपण आवाज बिघडवला तर दुरुस्तही आपणच करू. तेवढ्यात तिला मोठ्या मैदानावरच्या दुपारच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. कार्यक्रमवाल्याला तिचं बाकी काही नको होतं, फक्त ‘ते थ-थवालं’ हवं होतं. तिने होकार दिला. तिचा बेत असा की सगळ्यांसमोर ते गाणं वाजवायचं, पण ‘थ’ काढून. त्या जागी काहीच नाही. लोकांनी ती शांतता एकदा ऐकली की जुना आवाज विसरतील. बेत कागदावर उत्तम होता.

मैदान भरलं होतं. ती टेबलामागे उभी राहिली, ठेका सुरू झाला, पंखे आले, श्वास आले आणि मग ती जागा आली. तिथे तिने काहीच ठेवलं नव्हतं. आणि अख्ख्या मैदानाने, एका आवाजात, माना ताठ करून, डोळे मिटून, थ थ थ थ म्हटलं.

तिने सगळे स्पीकर बंद केले. लोकांना ते फार आवडलं. ठेका नाही, वाद्य नाही, तरी ते म्हणतच राहिले, बायका, म्हातारे, खांद्यावर बसलेली पोरं. ज्या माणसाला आयुष्यात कोणी एक शब्द पुरा करू दिला नाही, त्याचं अडलेलं अक्षर एवढे लोक एका सुरात म्हणत होते, आणि ते तिने शिकवलं होतं. ती वायरी तशाच टाकून मागच्या बाजूने उतरली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की कलावंताने शेवटी शांततेचा धाडसी प्रयोग केला.

सुसाटने तो पेपर वाचला, घडी करून ठेवला आणि जिना चढून वर आला. दुपार होती. खाली वडिलांच्या दुकानात कुठलीतरी मोटर तपासायला लावली होती, तिची घरघर येत होती. खरखर हेडफोन काढून उभी राहिली. तो तिच्या खुर्चीत बसला. त्याने कपाटाकडे बोट दाखवलं.

ती आत गेली. कोटांना नॅप्थलीनचा वास येत होता. इतकी वर्षं भावाला तिने इथे उभं केलं होतं, पण स्वतः कधी आत उभी राहिली नव्हती. दार अर्धवट लागलं. फटीतून तिला तो दिसत होता. त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ठेका लावला नाही.

“ब-ब-” तो म्हणाला, आणि थांबला, आणि मग पुन्हा, “बोल.”

ती बोलली. तिला काय बोलायचं ते पाठच होतं. माझी चूक झाली, मला तुला दुखवायचं नव्हतं, तू म्हणशील ते मी करीन. शब्द कसे एकापुढे एक, नीट, सांध्याशिवाय.

“पुन्हा,” तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी जरा हळू, जिथे गळा दाटायला हवा तिथे दाटून. तिला स्वतःलाच ऐकू आलं की दरवाजा बंद होत आहे असं सांगणारी बाई बोलतेय.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं. “मी,” ती म्हणाली. पुढचा शब्द तिला माहीत होता, अगदी ओठावर होता. तो येईना. तिने श्वास घेतला. “मी,” आणि पुन्हा तिथेच. दातखीळ बसल्यासारखी ती कोटांमध्ये उभी राहिली. खालून आईने जेवायला हाक मारली. मोटर बंद झाली आणि तिची घरघर हळूहळू उतरत गेली. मान ताठ झाल्याचं तिला कळत होतं आणि ती सैल करता येत नव्हती.

फटीतून भाऊ तिच्याकडे बघत होता. तिला काय म्हणायचंय हे त्याला ठाऊक होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो शब्द तिच्या हातात ठेवून तिला सोडवणं त्याला सहज जमलं असतं. तो काही बोलला नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही, मान हलवून ‘हं, हं’ केलं नाही. नुसता बसून राहिला.

“मी ऐकलंच नाही रे,” ती म्हणाली. “तू बोलत होतास आणि मी कधी ऐकलंच नाही.”

त्याने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं.

“आ-आ-आ-” त्याने डोळे मिटले. तिला पाच-सहा शब्द सुचले. आता, आण, आई, आवर. तिने दात ओठांवर गच्च रोवले. “आता बाहेर ये,” तो म्हणाला. “माझी प-पाळी.”

जागा बदलल्या. तो कपाटात गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. ती खुर्चीत बसली; खुर्ची अजून गरम होती. ठेका चालणार आहे की नाही, आत त्याची जीभ सुटणार की तिथेच अडणार, हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं. खालून आईने पुन्हा हाक मारली. खरखरने बटणावर बोट ठेवलं.

“सुरू करू?” तिने विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. तिने तो लागू दिला.